डिझेलची गाडी आणि दोन कप चहा

मंगळवार, १२ मार्च, संध्याकाळ

रोपवाटिकेसाठी नवी गाडी डिझेलची की गॅसची, हे आज ठरवायचंच होतं. दोन्ही माहितीपत्रकं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. रोजच्या फेऱ्या नशिराबाद ते पिंप्राळा, कुंड्या आणि लॉनच्या गाद्या. त्याला गॅसच बरी. धुळ्याला माती महिन्यातून एकदा जाते, तेव्हा भाड्याचा ट्रक चालेल. तरी मी डिझेलच म्हणत राहिले. का?

दुपारी वळणावर जुन्या डिझेल गाडीचा आवाज आला आणि मी चहा ठेवला. दोन कप. हे जाऊन चार वर्षं झाली, गाडी आता सुभाषभाऊ चालवतात, तरी आवाज आला की हात आपोआप पातेल्याकडे जातो.

"अक्का, गॅसच्या गाडीला एवढा आवाज नसतो," सुभाषभाऊ म्हणाले. "माझा चहा गेला म्हणायचा."

"फाटकात हॉर्न वाजवा."

ते हसले. मग कपात बघत हळूच म्हणाले, "साखर तेवढी कमी टाका. इतका गोड मालकच प्यायचे."

चार वर्षं हा माणूस यांचा चहा मुकाट्याने पीत होता.

गॅसचीच घ्यायची. साखर उद्यापासून एकच चमचा. निदान सुभाषभाऊंच्या कपात.