'लाभ' ऐकून न हसण्याची तयारी

दादा,

तू शेतावरून येशील तेव्हा मी घाटावर गेलेला असेन. भाकरी शिंक्यात आहे. तिच्यावरचं लोणी मांजराने खाल्लं, असं मी वहिनींना सांगितलं आहे.

गेल्या साली पोहण्याच्या शर्यतीत मी का हरलो, ते तुला कधी सांगितलंच नाही. शर्यत जेमतेम साठ हातांची, घाटापासून बांधलेल्या नावेपर्यंत. आवाज मोठा म्हणून 'एक, दोन, तीन' म्हणायला नथ्थू मापाड्याला उभा केला. धान्याचं पहिलं माप शुभ म्हणून 'लाभ' म्हणत मोजतात, त्यामुळे त्याच्या तोंडात 'एक' येतच नाही, 'लाभ' येतं. त्याने "लाभ!" म्हटलं आणि आम्ही सहा जण सहा पोत्यांसारखे दिसू लागलो. मला हसू फुटलं. 'तीन'ला मी उघड्या तोंडाने उडी मारली आणि अर्धी तापी प्यालो. उरलेल्या अर्धीत बाकीचे पोहून गेले.

तू एवढंच म्हणालास, "तुले पवता येस, पन हासू आवरता येत नही." त्यानंतर वर्षभर तू घाटावर फिरकला नाहीस.

यंदाही नथ्थूच आहे. म्हणून महिनाभर वहिनी दळता दळता मध्येच "लाभ!" ओरडतात आणि मी डोळे मिटून तुझा त्या दिवशी घरी परततानाचा चेहरा आठवतो. उपाय जालीम आहे. काल एकदाही हसू आलं नाही, उलट एकदा रडूच आलं.

तेव्हा ये, दादा. फक्त मी नावेला हात लावेपर्यंत कृपा करून हसू नकोस.

तुझा,
सुपडू