चौथी गिरकी

११ नोव्हेंबर

पडली! तीनदा पडली! तीच ती चार गिरक्यांची उडी, आणि तीनदा बर्फावर आपटली. तिसऱ्यांदा तर अशी, की आधी कंबर आणि मागून डोकं. मी रिंकच्या कठड्यापाशी स्केटच्या बुटाची नाडी बांधत होते. बांधून झाली होती खरं तर. पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. बघायचं होतं.

आमची कोच रिम्मा अर्काद्येव्हना (तोंडावर पूर्ण नाव, इथं नुसती रिम्मा) जागची हलली नाही. "ताया, झोपायचं असेल तर घरी गादी आहे. ऊठ."

ताया उठली. चौदा वर्षांची, पेन्सिलीएवढी पोर. पाठीला बर्फाचा चुरा. चौथ्यांदा उडाली आणि उतरली. मांजर फळीवरून उतरतं तशी. आवाजसुद्धा नाही.

माझा दिवस तिथंच नासला.

१२ नोव्हेंबर

वजन. रोज सकाळी, रांगेत. रिम्मा आकडा मोठ्यानं वाचते, शेवटच्या मुलीलाही ऐकू जावा म्हणून.

"दिना, त्रेपन्न तीनशे. कालपेक्षा दोनशे ग्रॅम जास्त. काय गिळलंस?"

"पाणी."

"मग पाणी पण सोसत नाही तुला."

मागून ताया फिस्सकन हसली. हस बाई. सदतीस किलोत हसायला काय जातंय! छाती-कंबर यायची आहे तुला अजून. येईल तेव्हा मी हसेन.

१६ नोव्हेंबर

कँटीनमध्ये दोघांची जुंपली. ग्लेब ल्वोविच आमचे कार्यक्रम बसवतो: हात, मान, संगीत, सगळं त्याचं. उड्या रिम्माच्या. बीटचं सूप पिता पिता सुरू झालं.

"रिम्मा, तू मुली नाही, भोवरे तयार करतेस."

"भोवऱ्याला पदक मिळतं. ती एक उडी उतरली की साडेनऊ गुण. पंचांनी अजून चष्मासुद्धा पुसलेला नसतो! तुझ्या दिनानं मान वळवली, फार छान वळवली. त्या मानेचे किती?"

"लोक ती मान बघायला येतात."

"लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. निकालाचा कागद राहतो."

"वीस वर्षांनी कुणाला आठवेल तुझी ताया?"

"वीस वर्षं?" रिम्मा हसली. "ग्लेब, पोरीला वीस महिने मिळाले तरी पुष्कळ."

ताया पलीकडच्याच टेबलावर होती. सफरचंदाच्या आठ फोडी करून एकेक खात होती. तिची आई शेजारी. दोघींनी ऐकलं. आईनं नॅपकिननं लेकीचं तोंड पुसलं, बस.

ही बाई नवरा आणि धाकट्याला तिकडं सायबेरियात, चिता शहरात ठेवून इथं, पीटर्सबर्गला, एका खोलीत राहते. लेकीच्या बॅगा उचलते. वीस महिन्यांसाठी!

२३ नोव्हेंबर

माझ्या मुक्त (लांब) कार्यक्रमाचा व्हिडिओ कुणीतरी इंटरनेटवर टाकला. खाली लोकांनी लिहिलंय: 'रडू आलं', 'ही बर्फावर श्वास घेते', 'उड्या मारणाऱ्या माकडांनी बघून शिकावं'. शेवटचं मी तीन वेळा वाचलं.

इथं खरं लिहिते, कारण कोणी वाचणार नाही. कला मला आवडते असं काही नाही. कला उरलीय.

चौदाव्या वर्षी मीही मारायचे चार गिरक्या. दोन-दोन, एकाच कार्यक्रमात! तेव्हा आमच्यात स्नेझाना होती, एकोणीस वर्षांची. नाचायची ती सुंदर, उड्या साध्या. मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "ज्याला उडता येत नाही तो हात हलवतो." रिम्मा किती हसली! मला वाटलं, आपण जग जिंकलं. स्नेझाना त्याच वसंतात सोडून गेली.

मग एका वर्षात अकरा सेंटिमीटर वाढले. गिरकी तीनवरच संपायला लागली. ग्लेब ल्वोविचनं माझे हात धरले आणि म्हणाला, "दिना, आता तू कलावंत व्हायचंस." जणू मला विचारूनच.

२७ नोव्हेंबर

ताया पाचपैकी पाच उड्या. एकही चूक नाही. तिच्या हातांकडे बघून ग्लेब म्हणाला, "दोरीवर वाळत घातलेले पायमोजे." सगळ्यांत मोठ्यानं मी हसले.

४ डिसेंबर

सराव संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघीच. तायानं मोजा काढला. उजव्या पायावर, घोट्याच्या जरा पुढं, सूज. अक्रोडाएवढी.

"दिना, एक विचारू? कुणाला सांगायचं नाही."

"विचार."

"हा पाय सारखा ठणकतो. जिना मी उलटी उतरते. सरळ उतरता येत नाही. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

मी हात लावून बघितलं. दाबलं. तिनं ओठ चावला, ओरडली नाही. सात वर्षं या खोलीत कपडे बदलतेय मी. अशा सुजा कशाच्या असतात ते कळतं मला. हाडाला चीर. त्याच पायावर ती दिवसातून चाळीस वेळा उतरते.

मी म्हटलं, "सगळ्यांचंच दुखतं गं. राष्ट्रीय स्पर्धा होईपर्यंत दात आवळ. आत्ता तोंड उघडलंस तर तुझी जागा दुसरीला जाईल."

तिनं मान वर केली. मला वाटलं रडते की काय.

"बरं," म्हणाली. मोजा चढवला.

मी तिला माझं मलम दिलं. मलम!

५ डिसेंबर

खोटं काय बोलले मी? सगळ्यांचं दुखतंच. जागा जातेच. एक शब्द खोटा नाही.

९ डिसेंबर

आज रिम्मानं तायाला जवळ घेतलं. सात वर्षांत मला कधी घेतलं असेल? आठवत नाही. ताया तिच्या कोटात तोंड खुपसून उभी होती. डाव्या पायावर.

१४ डिसेंबर

दोनदा रिम्माच्या दारापर्यंत गेले. पहिल्यांदा ती फोनवर होती. दुसऱ्यांदा नव्हती. "काय गं?" म्हणाली. मी म्हटलं, "माझा झगा पाठीला सैल होतोय." "वजन उतरलं असेल, छान," म्हणाली. शिंपिणीकडे पाठवलं.

२० डिसेंबर, चेल्याबिन्स्क

राष्ट्रीय स्पर्धा. आज पहिला, छोटा कार्यक्रम झाला. यात चार गिरक्या मारायची परवानगी नाही, म्हणून मी पहिली! ताया दुसरी, सव्वा गुणानं मागं. रिम्मानं शांतपणे सांगितलं, "उद्या ती दोन उड्यांत तुला पुसून टाकेल. तू आपली सुंदर दिस."

टीव्हीवाल्यांनी दोघींना शेजारी उभं केलं. "उडी की कला, प्रेक्षकांना काय हवं?" ताया म्हणाली, "मला उड्या येतात." मी म्हटलं, "उडी मोजता येते. कला आठवते." काय टाळ्या पडल्या! हे वाक्य मी आठवडाभर घोकलं होतं.

२१ डिसेंबर

लिहायचंच आहे.

ताया माझ्या आधी. मी दाराशी उभी, जाकीट घालून, गरम राहायला जागच्या जागी पाय हलवत. पहिली चार गिरक्यांची उडी निर्दोष. सभागृह उठलं. मनात म्हटलं, संपलं.

दुसरी. वर गेली, सरळ, सुईसारखी. चारही फिरली. बरोबर उतरली. आणि आवाज आला. संगीत चालू होतं, तरी मी ऐकला. सुकी काटकी मोडावी तसा.

पडली नाही लगेच. आधी तिनं पायाकडे बघितलं, जणू तो कुणा दुसरीचा. मग बसली. पंचांनी संगीत थांबवायच्या आत उठायला बघत होती! एका पायावर. हात मात्र दोन्ही वर — ग्लेबनं शिकवलेले, पहिल्यांदाच बरोबर. लोक तालात टाळ्या देत होते, 'शाबास, शाबास!' त्यांना वाटलं, जिद्द आहे पोरीची. कठड्याशी तिची आई ओरडत होती, "ऊठ, तायोच्का, ऊठ ना!"

उचलून नेली. जाताना माझ्या अगदी जवळून. डोळे मिटलेले.

रिम्मा माझ्याकडे वळली. माझं जाकीट काढून घेतलं. "रेषेवरचा तो खड्डा टाळ," म्हणाली. तायाच्या पात्यानं पडलेला.

मी बर्फावर गेले आणि आयुष्यात केला नव्हता असा कार्यक्रम केला. काहीच जड नव्हतं. हात आपोआप गेले. शेवटच्या सुरावर सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. ग्लेब ल्वोविच कठड्यावर डोकं टेकून रडत होता. तायासाठी नाही. माझ्यासाठी!

सुवर्ण. कलेचे गुण आजवरचे सर्वांत जास्त. टीव्हीवर म्हणाले: 'आज सौंदर्य जिंकलं.'

रिम्मा कानाशी म्हणाली, "पायाचं हाड जिंकलं. विसरू नकोस."

२२ डिसेंबर

लोक लिहितायत: 'तायाचं दुःख तिनं नाचून दाखवलं', 'दिनाचा चेहरा बघा, मैत्रिणीसाठी रडतेय'. मी चेहरा बघितला. पाच वेळा लावून बघितला. मी रडत नाहीये. मी खूश आहे.

२६ डिसेंबर

तायाच्या कपाटावर नवं नाव लागलं. काझानहून आलेली, अकरा वर्षांची. आज वजन चोवीस किलो. रिम्मानं आकडा प्रेमानं वाचला.

ग्लेब वसंतात नवा कार्यक्रम बसवायचं म्हणतोय माझ्यासाठी. विषय: विरह.

२९ डिसेंबर

तायाला बघायला दवाखान्यात गेले. ग्लेबनं पाठवलं: "जा, बरं दिसत नाही." हाडात दोन स्क्रू घातलेत. पुन्हा बर्फावर नाही. आई खाली औषधं आणायला गेलेली.

वाटलं, विचारेल: का सांगितलंस तसं? उत्तर तयार करून गेले होते. तिनं विचारलंच नाही. छताकडे बघत म्हणाली, "रिम्मा अर्काद्येव्हनाला ऑक्टोबरपासूनच माहीत होतं. पायाचा एक्स-रे काढला होता. आईनं सही करून दिली. सगळे म्हणाले, मार उडी."

"मग मला कशाला विचारलंस?"

"तू आता त्या उड्या मारत नाहीस ना. वाटलं, तू एकटी तरी नको म्हणशील."