फुटलेला गडगा आणि डाव्या हाताची राखण

पावस,
आंब्याची शेवटची तोड चालू

तीर्थस्वरूप दादा आणि वहिनी यांना आत्मारामचा एका हाताने नमस्कार. (दुसरा बांधलेला आहे. खुलासा पुढे येतो, घाबरू नये.) वहिनींची कंबर, तुमचा गुडघा आणि तुमच्या डोंबिवलीचं पाणी ही तिन्ही आता ठिकाणावर आली असतील अशी आशा करतो. इकडे तुमची भावजय गंगा मजेत, कलमं मजेत, वानर तर फारच मजेत. फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर वैष्णवीचा विषय निघाला की तुमच्या बाजूची रेंज जाते, म्हणून. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: कंसातली काही वाक्यं माझी नाहीत. ती कोणाची, ते शेवटी येईल.

वैष्णवीची काळजी नसावी. बारावीची परीक्षा संपल्या संपल्या तुम्ही तिला गावी पाठवलीत, की पोरगी आंबे खाईल, समुद्र बघेल आणि नर्सिंगचं खूळ डोक्यातून जाईल. परक्यांचं दुखणंखुपणं काढण्यात आपल्या लेकीचा जन्म जाऊ नये, हे तुमचं म्हणणं मलाही पटलं होतं. शिवाय इथे आजारी आहे कोण? माड आजारी पडले तर भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातली माणसं आहेत, कलमांना फवारणीवाला आहे. उरलो मी, आणि मला जन्मात सर्दीच्या पलीकडे काही झालेलं नाही. (दर पावसाळ्यात खोकला होतो. औषध घेत नाहीत.)

पण खालच्या कलमावर वानरांची टोळी बसली, तिथून सगळं सुरू झालं. पुढारी वानर माझ्याकडे बघून आंबा अर्धा खायचा आणि अर्धा टाकायचा. पुरता खाल्ला असता तर मी काही बोललो नसतो. मी धावलो, बागेच्या दगडी गडग्यावरून उडी मारली, आणि त्याच गडग्यावर वानरांसाठी मीच बांधलेल्या गंजक्या तारेने माझा तळहात आडवा फाडला. वानर गेलं, जाताना आंबाही घेऊन गेलं. मी हाताला चुना आणि हळद फासली, वर गंगाच्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि त्या दिवसाची तोड संपवली. वैष्णवी साबण घेऊन मागे मागे फिरत होती. मी तिला म्हटलं, बाई गं, आमचं रक्त आहे, कातळावर वाढलेलं.

मग हात सुजला. उशीएवढा. (लहान उशीएवढा.) आता तुमच्यापासून काय लपवायचं? गेल्या वर्षी मोहोर गळला म्हणून रागाच्या भरात मी आपल्या बागेच्या राखणदाराला, त्या पाषाणातल्या देवाला, वर्षाची राखण दिली नव्हती. आजवर चुकली नाही ती चुकवली, आणि आता हात सुजला. दोन्हीचा मेळ घालायला मला वेळ लागला नाही. नारळ आणि कोंबडा घेऊन गेलो, पाषाणापुढे उभा राहिलो, गाऱ्हाणं घातलं, पण उजवा हात उचलेना म्हणून सगळं डाव्या हाताने केलं. वर शहाणपण असं, की पाषाणाखालची ओली माती उचलून जखमेत भरली. राखणदार बाग राखतो तर हात राखायला त्याला काय जड, असा माझा हिशेब.

दुसऱ्या दुपारी थंडी वाजून ताप आला. वैशाखात मी गोधडी मागितली तेव्हा गंगाने अंगणातल्या सुकट-आमसुलांकडे बघायचं सोडलं. वैष्णवीने चिंधी सोडली, मनगटावरून कोपराकडे गेलेली लाल रेघ बघितली आणि रिक्षा बोलावली. मी वाटेत म्हणत होतो की पावसच्या तिठ्यावर सोडा, चालत घरी जातो. ती माझा हात आपल्या खांद्याएवढ्या उंचीवर धरून बसली होती. रत्नागिरीपर्यंत तिने तो खाली येऊ दिला नाही.

दादा, ताप ही काय चीज आहे ते मला या वयात कळलं. इस्पितळाच्या खाटेवर पडलो, वरचा पंखा हळू झाला, आणि मी माझ्याच आत उतरलो. आत आपली बागच होती, पण धुक्यात, आणि समुद्राची गाज खालून, मुळांतून येत होती. माझ्या कातडीचा गडगा सगळीकडून चिऱ्याचिऱ्याने नीट लागलेला, फक्त तळहातापाशी ढासळलेला, आणि त्या खिंडारातून वानरं आत येत होती, बारकी, तांदळाएवढी, हसत. आणि मग कलमांच्या मागून राखणदार निघाले. एक नव्हे, किती ते दिसेना. पांढरी घोंगडी, हातात काठी, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. शिरांच्या पाणंदीतून ते उतरत होते, दिसेल त्या वानराला कवटाळत होते आणि तिथेच त्याच्यासकट आडवे होत होते. पडलेल्यांच्या जागी मागून दुसरे येत. सगळं इतकं शांत चाललं होतं की मला रडू आलं. माझ्यासाठी कोणी इतकं करतं आहे, आणि मला एकाचंही नाव माहीत नाही. त्यातला एक म्हातारा माझ्याजवळ थांबला, घाम पुसला आणि म्हणाला, "कोंबडा दिलास तो बरा केलास, पन फुटलेला गडगा कोन बांदनार? मी काय गवंडी हाय?"

जागा झालो तर रुबिना सिस्टर हाताची चीर धूत होत्या. बाई राजिवड्याच्या, घरचे सगळे दर्यावर्दी, त्यामुळे आवाज वाऱ्याला ओलांडून जाणारा. मी त्यांना स्वप्न सांगितलं. हसतील असं वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, काका, खोटं काही नाही त्यात. पू आहे ना हा, ती तुमचीच पडलेली माणसं. ताप म्हणजे त्यांनी आत पेटवलेली शेकोटी. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन म्हणजे दात पाडलेलं वानर आधी राखणदाराला दाखवून ठेवायचं, पुढे खरं आलं की त्याला ओळख पटते. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, देवाला द्यायचं ते द्या, पण जखमेला साबण-पाणीच द्या. माती राखणदाराची असली तरी मातीच. डॉक्टरांनी नंतर बाहेर गंगाला सांगितलं की अजून एक दिवस घरी काढला असता तर बोटं राहिली नसती, कदाचित पुढचं काहीच राहिलं नसतं. हे गंगाने मला सांगितलं नाही. तेही आणि ती जिन्यात बसून रडत होती तेही दुसऱ्याने सांगितलं.

दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं म्हणतात, तशी मुंगी आता चालू लागली आहे. घरी आलो आहे. पट्टी रोज बदलली जाते, आधी हात धुऊन, चिमटा उकळून, जखमेच्या आतून बाहेर पुसत. मी ओरडलो तरी पट्टी करणारं माणूस थांबत नाही, फक्त मला विचारतं की या साली कोणत्या कलमाला जास्त आंबा लागला. मी सांगत बसतो आणि पट्टी होऊन जाते. गोळ्या मी वेळेवर घेतो. (दिल्या तर घेतात.)

तेव्हा काळजी नसावी. नर्सिंगचं नाव या घरात कोणी काढत नाही.
आपला धाकटा,
आत्माराम

ता. क. आंब्याची पेटी हर्षदच्या टेम्पोने पाठवली आहे. वरचा थर आधी खा, अर्धे खाल्लेले खाली नाहीत, शपथ.

ता. क. दोन. जखम उजव्या हाताला आहे, हे वर येऊन गेलं. म्हणजे हे पत्र मी सांगितलं आणि दुसऱ्याने लिहिलं. अक्षर तुम्ही पहिल्या ओळीलाच ओळखलं असणार. तुम्हीच गिरवून घेतलेलं आहे.

ता. क. तीन. आता खरं काम. देवाचं बघणारे गावकर म्हणतात, डाव्या हाताने दिलेली राखण पोचत नाही, पुन्हा द्यायला हवी, आणि माझा हात बरा होईपर्यंत ती घरच्या थोरल्यानेच द्यायची. म्हणजे तुम्ही. पाऊस लागायच्या आत या. गाऱ्हाण्यात घरातल्या एकेकाचं नाव घ्यावं लागतं आणि तो काय काम करतो ते सांगून त्याची राखण मागावी लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे. राखणदारापुढे आजवर आपल्यात कोणी खोटं बोललेलं नाही. वैष्णवीच्या नावापुढे काय म्हणायचं, ते येताना गाडीत ठरवा. मी काही सुचवत नाही. मी नुसता बाजूला उभा राहीन, दोन्ही हात जोडून. ते दोन आहेत म्हणूनच जोडता येतील.

ता. क. चार. बाबा, कंसातली माझी भर सोडली तर वरचं सगळं काकांनी सांगितलं तसं लिहिलं. ताप त्यांनी सांगितला त्याहून जास्त होता आणि मी रिक्षात खूप घाबरले होते, ते त्यांना माहीत नाही. नाही म्हणायचं असेल तर फोनवर म्हणू नका, इथे येऊन म्हणा. पण निघण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या. गडग्यावरची तार अजून तशीच आहे.