आवाज परत आला, पण माझा नाही

ता. ९ जून

ती. दादास,
सप्रेम सलाम वि. वि.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. क्षेम काही नाही.

गळ्यातली गाठ काढल्यापासून माझा आवाज गेलाय. डॉक्टरांनी आवाजाचे व्यायाम करायला सांगितलं होतं. तू म्हणालास, आधी त्या आरोग्यप्रार्थनेच्या सभेला जा, प्रभू बरं करील. गेले. तुझ्या मित्रानं, त्या मोठ्या प्रचारकानं, भरल्या सभेत मला पुढे बोलावलं, गळ्यावर, जिथे अजून दुखतं तिथेच हात दाबून धरला आणि हालेलूया म्हणायला लावलं. मी तोंड उघडलं. पंक्चर झालेल्या ट्यूबमधून येते तशी हवा आली. पुन्हा म्हण म्हणाला. पुन्हा हवा. मग लोकांकडे वळून सांगितलं की या बहिणीनं काहीतरी पाप लपवलंय, म्हणून प्रभूचा हात अडलाय.

माईक माझ्या तोंडासमोर होता, दादा. इतकी वर्षं बसस्थानकावर माईकवर सगळ्या गाड्या पुकारल्या, आणि या माणसाला उत्तर देता आलं नाही.

आता आगारात मला हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलंय. छत्र्या, डबे, कुणाची तरी कवळी. त्यांच्यातच मी. देवाला विचार, त्यानं मला कुठे ठेवलंय. तुझं त्याच्याशी जास्त जमतं.

वहिनीला सलाम. लोभ सध्या मागत नाही.
चिंगी

ता. १७ जून

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीनं आधी वाचलं. त्या दिवशी मला जेवण वाढलं नाही, आपटलं. बरोबरच केलं. मी मित्राला जाब विचारला. तो म्हणतो, विश्वास कमी पडला. मी म्हटलं, अक्कल कमी पडली, तुझी आणि माझी. आता बोलणं बंद आहे.

दवाखान्यात जा. आधीच जायला हवं होतं, मी आडवा आलो. चर्चचा पाळक असून देवाला चमत्काराची घाई लावायला निघालो होतो.

आणखी एक. वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, म्हणून बाबांना तुझ्याकडे पाठवतोय. कान फारच गेलेत. यंत्र आणलं तर कानात माशी शिरल्यासारखं वाटतं म्हणून ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. सांभाळून घे.

रागव, पण लिहीत राहा.
दादा

ता. २ ऑक्टोबर

ती. दादास,
स. सलाम वि. वि.

बाबा ठीक आहेत. मी संतापलेली आहे.

दवाखान्यात आवाजाचे व्यायाम शिकवणारी पोरगी माझ्यापेक्षा कितीतरी लहान. देवबिव मानत नाही, हे पहिल्याच दिवशी च्युइंगम चघळत सांगून मोकळी झाली. तिचा इलाज काय, तर पेल्यात पाणी घ्यायचं, नळी बुडवायची आणि हुंऽऽ करत बुडबुडे काढायचे. रोज, सकाळ-संध्याकाळ. एवढ्या उपासांचं आणि प्रार्थनांचं फळ म्हणजे नळी! त्या कुष्ठरोगी नामानाची गोष्ट मला सांगू नकोस, मलाही येते. तो यार्देन नदीत सात बुड्या मारून लहान मुलासारखी कातडी घेऊन निघाला. मी पेल्यातून निघाले ती ट्रक ड्रायव्हरचा घसा घेऊन.

हो, आवाज आलाय. जाडाभरडा, खालचा. चर्चच्या गायनवृंदात वरची पट्टी मी धरायचे. आमचा वृंद बसवणाऱ्या शिंपीमास्तरांनी ऐकलं, खूप वेळ चष्मा पुसला, आणि मला मागे पुरुषांच्या रांगेत उभं केलं. हे बरं होणं? मागितलं काय, मिळालं काय!

परवा भांडी आपटता आपटता मी स्वतःशीच मोठ्यानं म्हटलं की देवही बाबांसारखाच ठार बहिरा आहे. पलीकडे खुर्चीत बसलेले बाबा म्हणाले, तो बहिरा नाही गं, बहिरा मी आहे.

माझ्या हातातलं पातेलं पडलं. दादा, त्यांना ऐकू आलं! कानाचे डॉक्टर म्हणतात, बाबांना बारीक, उंच आवाज लागत नाहीत, जाड लागतात. माझा तो किनरा आवाज त्यांच्यापर्यंत कितीतरी वर्षं पोचतच नव्हता. ते नुसती मान हलवायचे. गाठीचंही त्यांना नीट कळलेलं नव्हतं. मी ओठ मिटून फिरते म्हणजे रुसले, असंच ते धरून चालले होते. मग जवळ बसवून सगळं विचारलं, माझ्या गळ्यावरून हात फिरवला आणि लहान मुलासारखे रडले.

आता यासाठीच देवानं माझा आवाज मोडला, असं लिहिलंस तर पत्र फाडून टाकीन.

तुझी,
चिंगी

ता. ११ ऑक्टोबर

चि. चिंगीस,
अ. आ.

तसं लिहिणार नाही. मला ठाऊकच नाही. प्रभूनं एका आंधळ्याच्या डोळ्यांना थुंकीचा चिखल लावला. चिखल लावून घेताना त्या माणसाला काय वाटलं असेल, यावर मी कधी उपदेश केला नाही. बरं कसं करायचं हे देवाला शिकवणं म्हणजे भरवसा, असं मी समजत होतो. ते माझं चुकलं.

माझा तो मित्र तुमच्या चर्चच्या मंडळीत येतोय, असं कानावर आलंय. सांभाळ. त्याला सांभाळ म्हणतोय, स्वतःला नाही.

दादा

ता. २३ ऑक्टोबर

ती. दादास,
सप्रेम सलाम वि. वि.

आला होता. व्यासपीठावरून जाहीर केलं की त्याच्या सभेतल्या प्रार्थनेनं ही बहीण बरी झाली. मी पुरुषांच्या रांगेतून उठले. माईक मागितला नाही, लागलाही नाही. म्हटलं, बरं देवानंच केलं, हे खरं. पण एका न मानणाऱ्या पोरीच्या हातून, पाण्याच्या पेल्यातून, आणि मी मागितलं तसं नाही. तुम्ही मात्र माझ्या दुखत्या गळ्यावर हात ठेवून पाप शोधलंत. ते आधी परत घ्या.

त्यानं घेतलं नाही. पुढचं गीत घ्या म्हणाला. बाबांनी मात्र तिसऱ्या बाकावरून खणखणीत आमेन म्हटलं.

त्याला क्षमा करायची आहे, अजून जमलेली नाही. दात-ओठ खात देवाकडे ती ताकद मागते. जुना आवाज आठवला की अजून भांडी आपटते. रोज सकाळी देवाशी भांडते. मोठ्यानं भांडते. मध्येच लक्षात येतं की हा आवाज त्यानंच दिलाय. मग क्षणभर थांबते, आभार मानते, आणि पुढे भांडते.

वहिनीच्या गुडघ्याला जप. लोभ आहे तितका राहू दे, रागासकट.
तुझी,
चिंगी