शिवलेली होडी

१२ जानेवारी

चूक माझीच. प्लायवूड कापताना चारी बाजूंनी अर्धा इंच माया ठेवली! सव्वीस वर्षं कपडे बेतते आहे, हात आपोआप तसाच चालला. लाकडाला कशाला हवी शिलाईची माया? कडेला कड भिडवायची, तारेनं टाचायची, मग सांध्यात इपॉक्सीचा गोंद भरायचा — नकाशात स्वच्छ लिहिलंय. आता तळ आणि बाजू जुळता जुळत नाहीत.

शेजारचे तेरोयकाका कुंपणावरून बघत होते. जन्मभर होड्या बांधल्या, आता गुडघे गेले म्हणून दुसऱ्यांच्या चुका काढत बसतात. म्हणाले, "क्रेसिंग, होडी बांधतेस की शाळेचा गणवेश?"

"गणवेशच. तुम्हाला बसतो का बघा."

१३ जानेवारी

माया काढणार नाही. पुन्हा कापायला गेले तर कडा वाकड्या होतील. सगळीकडून सारखीच जास्त आहे, ओढूनताणून जुळेल. होडीचं पोट जरा सुटेल. सुटू दे.

२६ जानेवारी

नवऱ्याचा, आर्सेनियोचा फोन. जहाज कुठल्याशा बंदराबाहेर चार दिवस खोळंबलंय. मागे इंजिनाची घरघर — त्याचा आवाज मी त्या घरघरीशिवाय ओळखीन की नाही, देव जाणे. म्हणाला, "आपली एक होडी असती ना, तर पुन्हा सही केली नसती बघ."

दर वर्षी म्हणतो. एप्रिलअखेर येईल, दोन महिने राहील, मग कंपनीचा कागद, सही, आणि दहा महिने गायब. बावीस वर्षं हेच चाललंय. मला तो हवाय. सकाळी उठल्यावर शेजारी हवाय, भात करपला म्हणून भांडायला हवाय. यंदा त्याला सबबच ठेवायची नाही. होडीचं फोनवर मात्र बोलले नाही.

९ फेब्रुवारी

तारेनं बोटं फाटली. शिवणयंत्र भिंतीशी सरकवलंय, गिऱ्हाइकं होडीखालून वाकून येतात. बेबांगच्या लेकीच्या पांढऱ्या झग्यात भुसा गेला. झटकून दिला. तिला कळलं नाही.

२ मार्च

आतल्या फासळ्या बसवल्या. काकांनी लगेच मोजल्या — सोनं, चांदी, मरण, सोनं, चांदी, मरण. सहावी, शेवटचीच, मरणावर आली — अपशकुन!

मी म्हटलं, "काका, अशा जिन्याच्या पायऱ्या मोजतात."

"जिना बुडत नाही, बाई."

सातवी बसवली. हसण्यावारी नेलं, पण सहाच ठेवल्या असत्या तर रात्रभर डोळा लागला नसता.

२३ मार्च

पाण्यात गेली!! सकाळी कोंबडा कापला, रक्त होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला लावलं, उरलेल्याचा कच्ची पपई घालून रस्सा केला. तोल सांभाळायला दोन्ही बाजूंच्या बांबूच्या उलांड्या काकांनीच बांधून दिल्या. माझ्या गाठी त्यांना बघवेनात.

म्हणाले, "आधी मालकानं बसायचं." मालक जहाजावर. मीच बसले. मी डोंगरातली मुलगी, आजवर गुडघ्याच्या वर पाण्यात गेले नव्हते. दोन्ही काठ धरून डोळे मिटले. डोलली, पण कलंडली नाही.

"पोट सुटलंय, म्हणून धीराची आहे," काका म्हणाले. माझ्या चुकीचं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं.

८ एप्रिल

तीन मासे. बोटभर लांबीचे. पण माझे.

१७ एप्रिल

आज किनाऱ्यासमोरच्या खडकाच्याही पलीकडे गेले. वल्हं आत घेतलं आणि नुसती बसले. बटणं, काजं, "मावशी, कधी देणार" — काही नाही. पाणी फळीवर आपटत होतं तेवढंच. किती वेळ गेला कळलं नाही. घरी आले तर दोन गिऱ्हाइकं दारात ताटकळलेली.

आर्सेनियोला हे कधी दाखवते असं झालंय. अकरा दिवस.

२८ एप्रिल

आला! वाळलाय. घरघर नसतानाही आवाज तोच आहे.

होडीवर जुनी चादर टाकली होती, ती त्याच्यासमोर ओढली. तो भोवतीनं फिरला. सांध्यांवरून बोट फिरवलं. "तू केलीस?" म्हणाला आणि माझी फाटलेली बोटं हातात धरून बसला. बसला नाही तो फक्त होडीत. उद्या, म्हणाला.

६ मे

आठ उद्या झाल्या. जेवताना तो खुर्ची फिरवून समुद्राकडे पाठ करतो. मी पाहिलं, बोलले नाही.

९ मे

आज बोलले. म्हटलं, "सही करायचीय का पुन्हा? सरळ सांग."

"नाही करणार. आलो तेव्हाच ठरवून आलो."

बावीस वर्षं या वाक्याची वाट पाहिली, आणि ते असं, मासे साफ करता करता मिळालं.  मग तो म्हणाला, "पण मला पाणी बघवत नाही गं. डोळे मिटले तरी हलतंय. तुझ्या आईच्या गावाला जाऊ, डोंगरात. भात लावू, डुकरं पाळू. होडी वीक."

"होडी असती तर राहिलो असतो, म्हणायचास."

"म्हणायचो. होडी होणार नाही म्हणून म्हणायचो. काहीतरी बोलावं लागतं ना फोनवर."

राग आला. त्याच्यावर नाही — त्याच्या तोंडाकडे बघून कसा येणार. पण आला.

१५ मे

आईचं घर बंदच आहे. छप्पर बघायला हवं. बस दोन तासांची. तो रोज विचारतो, मी रोज म्हणते, हातातले गणवेश संपू देत.

गणवेश कधीच संपलेत.

२४ मे

त्याला बसमध्ये बसवून आले. म्हटलं, तू हो पुढे, छप्पर बघ. खिडकीतून तो किती वेळ बघत होता.

७ जून

डोंगरावरून त्याचा फोन. "कधी येतेस?" मी म्हटलं, "समुद्र शांत आहे तोवर राहते इथं."  तो म्हणाला, "जेवतेस ना नीट?" आधी हसू आलं, मग रडू. पण ओहोटी लागायच्या आत निघायला हवं होतं. फोन ठेवला आणि होडी लोटली.