बाई, तुमी बाजूला व्हा

सेनगाव, गुरुवार

प्रिय निलम,

प्रभू येशूत सलाम. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. डावा कान अजून बंद आहे आणि उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, एवढं तुझ्या वहिनीनं हट्टा गावाहून कळवलं. बाकी तू कशी आहेस ते ती सांगत नाही, आणि मला विचारायला तोंड नाही. सोमवारी हिंगोलीच्या कोर्टात तुझी तारीख आहे. ज्यांनी तुला मारलं त्यांच्याच उलट्या तक्रारीवरून तू आरोपी झालीस. लेकरांना माईकवरून ‘तलवार’ म्हणून चिथावलंस, असा आरोप. तुझा भाऊ म्हणतो, माफी लिहून दे, चर्चच्या मंडळीचं नाव सोड, लग्नाचं बघू. तू सही करण्याआधी हे वाच.

पण आधी मला राग ओकू दे. आज सकाळी स्टँडवर जगन दिसला. जामिनावर सुटलाय, जीपला टेकून उसाचा रस पीत होता. निलम, माझ्या हातात छत्री होती. तिचं टोक त्याच्या डोळ्यात घालावं, गर्रकन फिरवावं, असं मला वाटलं. बासष्ट वर्षांची मी, जन्मभर व्यासपीठावरून क्षमेवर बोलत आलेली. भिंतभर पुस्तकं वाचली, युद्धांची, बंडांची, संतांची, आणि त्या क्षणी छत्रीच्या टोकाखेरीज डोक्यात काही नव्हतं. त्यानं मला पाहिलं, ग्लास खाली ठेवला आणि पाया पडला. “बाई, तब्येत बरी हाय ना?” वर्गात विचारायचा अगदी तसंच. मी पाय मागे घेतला. सहावी-सातवी माझ्याच हाताखाली शिकला तो. जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेला मीच त्याला नेलं होतं. शब्दाला धार लाव रे, म्हणून पाठीत धपाटे घालून बोलायला शिकवलं होतं.

सहा वर्षांपूर्वी तू आपल्या रविवारच्या शाळेत आलीस ते आठवतं? चौदा स्वयंसेवक होते आणि टिकत एकही नव्हता. सोयाबीनची काढणी आली की तिघं गायब, लग्न लागलं की दोघी, आणि उरलेले माझ्या तोंडाला घाबरून. मी त्यांना प्रशिक्षण म्हणून भाषण द्यायची. ही लढाई आहे, पळपुट्यांनी आत्ताच उठावं, असं गरजायची, आणि ते खरंच उठून जायचे. खेमा तर दारातून म्हणाला होता, “बाई, मला लेकरायला गानं शिकवाचं हाय, फौजेत न्हाई भरती व्हायचं.” सगळे हसले. मी त्याला हाकलला. तू त्याच्या तांड्यावर गेलीस, त्याच्या आईपाशी बसून तूर निवडलीस, एक शब्द शाळेचा काढला नाहीस, आणि पुढच्या रविवारी तो ढोलकी घेऊन हजर. कुणी दोन रविवार आलं नाही की तू जायचीस. काहून आला नाहीस, असं विचारायची नाहीस. जेवलास का, म्हणायचीस.

शिकवणंही तुझं असंच. लेकराच्या डोळ्याच्या उंचीवर बसा. एकट्या लेकराबरोबर दार लावून एकट्यानं थांबू नका. आणि आत घेतल्यावर दाराबाहेरच्या चपला मोजा, कारण डोकी हलतात, चपला हलत नाहीत. माझी तासाभराची भाषणं कुणाला आठवत नव्हती. चपला मात्र सगळे मोजायचे. मला तुझा हेवा वाटायचा, हे आज लिहिते.

तलवारीचा खेळ मात्र माझा. आपल्यात पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, आत्म्याची तलवार म्हणतात. मी लहान असताना हाच खेळ खेळून वचनं शिकले. ‘तलवार वर!’ म्हटलं की लेकरांनी शास्त्र डोक्यावर धरायचं, मग आपण वचनाचा पत्ता, म्हणजे अध्याय नि ओळ, सांगायचा, आणि ‘वार!’ म्हटलं की जो आधी पान उघडेल तो जिंकला. यंदा मे महिन्याच्या सुट्टीतल्या वर्गासाठी मी भाड्यानं माईक आणला, भोंगा रस्त्याकडे तोंड करून बांधला. पहिल्याच संध्याकाळी तू म्हणालीस, “बाई, एकडाव रस्त्यावर हुभं राहून ऐका. आत खेळ वाटतो, भाईर तसं न्हाई ऐकू येत.” सगळ्या स्वयंसेवकांसमोर मी तुला हसले. शब्दाला घाबरणारी पोरगी लेकरांना काय घडवणार, म्हणाले. तू मान खाली घालून खडू गोळा केलेस. मी रस्त्यावर गेले नाही. पंचवीस पावलं होती.

कुणीतरी त्या रस्त्यावरून चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. चेहरा नाही, फक्त आपली पत्र्याची भिंत, फाटका आवाज, ‘तलवार वर! वार!’ आणि सव्वीस लेकरांचा जल्लोष. पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते एकदा कागदावर ठेवायचं आहे, कारण सभांमधून मी ते फार नटवून सांगत आले. सकाळचे दहा वाजले होते. एक जीप, सहा मोटरसायकली. आधी काठ्यांनी पत्रा बडवला, तेव्हा आतली हवाच फुटल्यासारखी झाली. लेकरांनी कानावर हात ठेवले. खेमाला केसाला धरून उंबऱ्यावरून ओढला आणि पोटात लाथा घातल्या, तो ओकेपर्यंत, आणि ओकल्यावरही. ढोलकीवर एकजण दोन्ही पायांनी उभा राहिला. “तलवारी कुठं हायत?” जगन ओरडत होता. त्यानं पेटी उलटी केली. रंगखडू सांडले. एकजण फिस्सकन हसला, आणि निलम, तेच घातक ठरलं. तलवारी शोधायला आलेल्या माणसांना रंगखडू सापडले की ती लाजतात, आणि लाजलेली माणसं जास्त जोरात मारतात.

तू तोवर मागच्या दारानं लेकरं शेजारच्या खतीजाबींच्या अंगणात काढली होतीस. त्यांनी दार लावून घेतलं, दारापुढं शेळ्या बांधल्या. तू सुटली होतीस, पोरी. पण तिथं मोजलंस तर पंचवीस, आणि सकाळी चपला मोजल्या होत्यास त्या सव्वीस जोड. तू परत आलीस. रुपा टेबलाखाली होती, तोंडात फ्रॉकचा कोपरा कोंबून. तू तिला पोटाशी घेतलंस तेवढ्यात जगननं विचारलं, “माईकवर तलवार कोन म्हनून राहिलं व्हतं?”  मग तू म्हणालीस, मी. तुझा आवाज एवढा लहान होता की त्यानं पुन्हा विचारलं, आणि तू पुन्हा म्हणालीस.

आणि मग तो म्हणाला, “हात पुढं कर.”

हे वाक्य कुठलं, ते तुला ठाऊक नाही. ते माझं आहे. चूक केली की मी वर्गात हेच म्हणायची. हात पुढं कर, बोटं सरळ, आणि छडी आडवी बोटांच्या पेरांवर, तीन वेळा. जगननं पाढा चुकला म्हणून माझ्याकडून किती वेळा खाल्ली असेल ते माझ्या लक्षात नाही. त्याच्या आहे. त्यानं तुला बरोबर तीन मारल्या. काठी होती, छडी नव्हती, म्हणून हाडं मोडली. त्यातही डावा हात तू रुपाच्या डोक्यावरून काढला नाहीस, आणि त्याचा राग येऊन त्यानं चौथी कानावर घातली. रक्त तिच्या केसांत गेलं. ती ओरडली नाही. ती अजूनही फारसं बोलत नाही.

त्यानंतर मी दोन शहरांत मोठ्या सभांमध्ये बोलले. माझ्या स्वयंसेविकेनं कसा मार सोसला ते असं सांगितलं की हजार माणसं रडली. खाली उतरल्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थानं विचारलं, त्या दिवशी माईकवर कोण होतं, बाई? मी पाणी मागितलं.

माझा आवाज होता, निलम. तुला ते माहीत आहे, खेमाला माहीत आहे, आणि तुम्ही दोघंही गप्प बसलात. पण तुला एक गोष्ट माहीत नाही, कारण तेव्हा तू रुपावर वाकलेली होतीस, तुझी पाठ आमच्याकडे होती. काठी उचलण्याआधी जगननं माझ्याकडे पाहिलं. मी तुझ्या आणि त्याच्या मध्ये उभी होते. तो अगदी अदबीनं, मलाच ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाला, “बाई, तुमी बाजूला व्हा.” त्यानं मला हात लावला नसता. मी हलले नसते तर तो थांबला असता, हे आज स्टँडवर तो वाकला तेव्हा मला पक्कं कळलं. मी बाजूला झाले. तीन पावलं. म्हणून हे पत्र. स्टँडवरून मी थेट माणिकराव वकिलांकडे गेले आणि लिहून दिलं की आवाज माझा, भोंगा माझा, हट्ट माझा. ते म्हणाले, बाई, या वयात कशाला? सोमवारी मी कोर्टात तुझ्या पुढं उभी राहणार आहे आणि कुणी कितीही अदबीनं सांगितलं तरी हलणार नाही. तू माफीवर सही करू नकोस. माझ्यासाठी परत ये, असं म्हणायचा हक्क मला नाही. शाळा चालू आहे. खेमा तुझ्या वहीतून नव्या चौघांना शिकवतो, भोंगा परत गेला, आणि मला त्यांनी सगळ्यात नव्या स्वयंसेवकाचं काम दिलंय. मी दाराशी बसते आणि चपला मोजते. रुपा आता येत नाही; तिची जोडी त्या दिवसापासून तिथंच आहे, मी कुणाला उचलू देत नाही. त्यामुळे दर रविवारी माझा हिशेब चुकतो, आतल्या लेकरांपेक्षा एक जोड जास्त भरते, आणि मी पुन्हा पहिल्यापासून मोजते.

दारापाशीची, तुझीच,
रुक्माबाई