स्टुलावर आधी कोण?

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार (सध्या मनातल्या मनातच, कारण शेवटी येईल). तुझे गुडघे कसे आहेत? शेजारणीशी धरलेला अबोला सुटला की वाढला? मी मजेत आहे. हे पत्र तू शक्यतो मोठ्याने वाच, म्हणजे भिंतीपलीकडे तिलाही ऐकू जाईल: तुझा भाचा आरोग्यप्रमुख झाला आहे!

हसू नकोस. आमची लाँड्री लहानशी. पुढे काउंटर, मागे इस्त्रीची टेबलं, आणि मध्ये अशी वाफ की समोरच्याला आवाजावरून ओळखावं. मी सायकलवरून गठ्ठे पोचवतो (ती सायकल उतारावर माझं ऐकत नाही आणि चढावर मी तिचं, पण तो वेगळा विषय). इस्त्रीवाल्या मावशी, घडीवाले काका आणि मालक दिवसभर उभे. बसायला काही नाहीच. मालकांचं म्हणणं, मी उभा आहे ना?

तर मावशींचे पाय सुजायला लागले. चपलेचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत गेला आणि एक दिवस त्या चपला हातात घेऊनच घरी निघाल्या. डॉक्टर म्हणाले, बसून काम करा, नाहीतर काम सोडा. मावशींनी मालकांना सांगून टाकलं, "महिनाअखेरपर्यंत येते." आत्या, मला इथे टिकवलं ते मावशींनी. मी आल्या आल्याच पळायच्या बेतात होतो, तर म्हणाल्या, "जा की. पण जाता जाता हा गठ्ठा टाकून जा." असे गठ्ठे टाकता टाकता मी अजून इथेच आहे. त्याच गेल्या तर मला धरून ठेवणार कोण?

म्हणून मी मालकांच्या डोक्याशी कटकट केली. ते वैतागले, "एवढ्या लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस आहे ना? मग आजपासून तूच आरोग्यप्रमुख!" (टोमणा होता. मी नेमणूक धरली.)

पहिला उपक्रम व्यायामाचा. सगळ्यांना हात वर करायला लावले. मावशींनीही केले, इस्त्री मात्र खाली चादरीवरच राहिली. गिऱ्हाइकाने ती चादर घेतली नाही. आता आम्ही ती टेबलावर अंथरतो, ठसा फार सुबक उमटलाय.

मग भंगारवाल्याकडून एक उंच स्टूल आणलं आणि मावशींच्या मागे ठेवलं. त्या म्हणाल्या, "काका वडीलधारे, आधी ते." काका म्हणाले, "मालक उभे असताना मी बसू? शोभतं का?" मालक म्हणाले, "गिऱ्हाईक ताटकळतंय, दिसत नाही?" गिऱ्हाईक मात्र जरासुद्धा लाजलं नाही. बसलं, आणि दुकान बंद होईपर्यंत जावयाची उणीदुणी काढत राहिलं. मग हे रोजचंच झालं. गप्पा मारायला चांगली जागा म्हणून गल्लीत आमचं नाव झालं, आणि मावशी उभ्या त्या उभ्याच.

शेवटी मी मालकांनाच खांदे दाबून स्टुलावर बसवलं. "सोड रे!" म्हणाले, पण उठले नाहीत. पाय लोंबकळत होते. बराच वेळ ते आपल्याच पावलांकडे बघत राहिले, जणू कोणी ती आत्ताच धुऊन परत आणून दिली होती. मग उठले, स्टूल उचललं, मावशींच्या टेबलाशी दाणकन ठेवलं. "हे मावशींचं! दुसऱ्या कोणाला दिलंत तर माझ्याशी गाठ आहे!"

मावशी परक्याच्या घरी बसावं तशा टोकावर टेकल्या. दुपारपर्यंत ऐसपैस झाल्या. आता पट्टा मधल्या भोकात लागतो आणि जायची भाषा बंद आहे. परवा एका गिऱ्हाइकाला सांगत होत्या, "तो आमचा आरोग्यप्रमुख." टोमणा नव्हता. मी पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली.

तुझा,
पायाला भिंगरी लागलेला भाचा

ता. क. : तुझा शिवणवर्ग बंद झाल्यापासून ती स्टुलं माळ्यावर धूळ खात पडलीत ना? काका अजून उभे आहेत, मालकही. दोघं मावशींच्या स्टुलाकडे बघून उसासे टाकतात. सगळी पाठव. 'आत्या पाठवतेय' असं मी सांगूनही बसलोय.

आणखी एक ता. क. : 'बसलोय' हे नुसतं म्हणायला. व्यायाम करून दाखवताना (तो उपक्रम मी सोडलेला नाही) माझी पाठ धरली. डॉक्टर म्हणतात, उभं राहा नाहीतर आडवं व्हा, बसायचं मात्र नाव काढू नका. त्यामुळे हे पत्र इस्त्रीच्या टेबलाशी उभ्याने लिहितोय आणि शेजारी मावशी बसून हसताहेत. लहानपणापासून तू सांगत आलीस, या पोराला एका जागी बसता येत नाही. घे, आता डॉक्टरांनीही तेच सांगितलंय.